खाडीकडचा माड

माझ्या मावसभावाइतका सावध माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल. हे वाक्य त्याला वाचून दाखवलं, तर तोच म्हणेल, "नसण्याची शक्यता आहे." पोटासाठी तो एक विलक्षण उद्योग करतो. पार उत्तरेकडे, जिथं नद्या वर्षातले कित्येक महिने गोठलेल्या असतात, तिथल्या त्रिभुज प्रदेशांचं हवा तापल्यावर काय होईल, याची गणितं तो संगणकावर मांडतो. बर्फ वितळला की नदी जास्त गाळ आणून जमीन वाढवेल, की मोकळ्या झालेल्या समुद्राच्या लाटा आहे तीही जमीन खातील, हा त्याचा रोजचा घोर. आता आमच्या नद्यांना त्रिभुज प्रदेश नसतात, खाड्या असतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि बर्फ आम्हाला लागतो तो मासळीवर पसरायला. तरी हा गृहस्थ खाडीकाठच्या नारळी-पोफळीच्या आगरात, घराच्या पडवीत लुंगी लावून बसतो आणि हिमप्रदेशाची काळजी वाहतो.

एकदा आम्हा अडाण्यांना समजावं म्हणून त्यानं बंदरावरून बर्फ आणला, चुरा करून वाळूत कालवला आणि अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये थापून वर पाण्याची बारीक धार सोडली. गोठलेली वाळू धारेला दाद देईना. ऊन चढलं तसे काठ भसाभस ढासळू लागले. हा आनंदानं "बघा, बघा" म्हणत होता. बघायला वाडीतली सगळी मांजरंही आली होती, कारण बर्फाला बांगड्याचा वास होता. एका बोक्यानं मुख्य नदीच उकरून काढली. "हा घटक मी धरला नव्हता," एवढंच तो म्हणाला.

सरळ होय किंवा नाही त्याच्या तोंडून कधी निघत नाही. मुलगी बघायला गेला, तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, "पसंत आहे ना?" तर म्हणाला, "आत्ताच्या माहितीवरून तरी." ते स्थळ तिथंच संपलं. मावशी वैतागून म्हणते, "देवानं जीभ दिलीन, पण ती हो म्हणायला वळत नाही."

मावशीच्या आगराची खाडीकडची कड काही वर्षं ढासळते आहे. तिच्या यजमानांनी तिथं माडांची रांग लावली होती. त्यातला शेवटचा माड गेल्या पावसाळ्यात खाडीत गेला. मग मावसभावानं उत्तरेतल्या नद्या बाजूला ठेवून आमचीच खाडी संगणकावर घातली. "पाणी पार घराजवळच्या विहिरीपर्यंत येईल," असं त्यानं मला हळूच सांगितलं. शक्यता हा शब्द त्यात नव्हता, म्हणून मला भीती वाटली.

थोड्याच दिवसांनी मावशी माडाचं रोप घेऊन त्याच कडेवर उभी राहिली. "मी विचारत्ये ते नीट सांग. ह्याला नारळ धरेपर्यंत ही जमीन राहील ना रे? ह्यांचे माड होते इथं."

त्यानं रोप तिच्या हातातून घेऊन खाली ठेवलं. मग म्हणाला, "राहील." आणि कुदळ घेऊन खणायला लागला.

मावशी त्याच्या पाठीकडे बघत होती. "एवढं सरळ बोललास, म्हणजे मला कळलं हो," ती शांतपणे म्हणाली. "खड्डा जरा खोल घे."

रोप आता गुडघ्याच्या वर आलंय. भरतीच्या वेळी तो हातातलं काम टाकून तिथं जाऊन उभा राहतो. अशा वेळी मला त्याची फार माया येते. त्याचं हे एक गणित चुकावं, असं मनापासून वाटतं. त्यालाही तसंच वाटत असेल, पण विचारायचा धीर होत नाही.