तिसरा काप

आमचे मामंजी कुणासाठी थांबत नसत. सैन्यातून सुभेदार होऊन कुंडलला परतले, पण जेवण एकच्या ठोक्याला म्हणजे एकच्या ठोक्याला. लग्नाचा मुहूर्त टळला की अक्षता खुर्चीवर ठेवून घरी. माझं बाळंतपण अडलं तेव्हाही एक वाजता दवाखान्यातून उठले आणि माझ्या आईला म्हणाले, "मेली तर कळवा."

मला स्कूटर शिकवली तीही त्यांनीच. ब्रेक उशिरा दाबला की मागून पाठीत गुद्दा. पण बाई गाडी चालवते म्हणून हसणाऱ्यांना त्यांनी भर चौकात अशा शिव्या हासडल्या, की त्या दिवशी ते मला फार आवडले. खोटं कशाला बोलू?

त्यांच्या नाकाशेजारी, डोळ्याच्या कोपऱ्याला लागून एक फोड होता. त्वचेचा कॅन्सर. कराडला एकदा कापला, वर्षभरात परत आला. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत आलाय, कडा नीट दिसत नाहीत आणि शेजारी डोळा आहे. अशा जागी एकदम मोठं कापत नाही. पातळ थर काढायचा, त्याच्या कडा मायक्रोस्कोपखाली बघायच्या, उरलाय तिथेच पुन्हा कापायचं. स्वच्छ होईपर्यंत थांबावं लागेल."

"खाटीक बी एवढा येळ लावत न्हाई," मामंजी म्हणाले.

दोन काप झाले. दुसऱ्याचा निकाल यायच्या आत एक वाजला. कागदावर सही ठोकून, पट्टीसकट ते उठले. रिक्षात बसतो तोच मला फोन आला: डोळ्याकडची कड स्वच्छ नाही, तिसरा काप हवा.

"आवं मामा, मागं फिरूया. डोळ्याकडं राहिलंय."

"बाईनं मला शिकवायचं न्हाई."

मी एकदाच सांगितलं. माझा नवरा तेव्हा सीमेवर होता. मामंजी ऐकत ते फक्त त्याचं. एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, झालं ऑपरेशन. हॉस्पिटलातून पुन्हा दोनदा फोन आले, तेही मीच घेतले, कुणाला सांगितले नाहीत. मला बरं वाटत होतं.

चौथ्या वर्षी डोळा काढावा लागला. तोवर आजार हाडात उतरला होता.

मागच्या उन्हाळ्यात, मामंजी जायच्या आठ दिवस आधी, मी खोबण पुसत असताना त्यांनी विचारलं, "पोरी, तवा थांबलो असतो तर ऱ्हायला असता का गं डोळा?"

नाही म्हणता आलं असतं.

"व्हय," मी म्हणाले.

"तू सांगितलं हुतंस," ते म्हणाले आणि माझा हात घट्ट धरला. "घरात तू एकटीच माझी."

मी दुसऱ्या हाताने पट्टी बांधली.