काचकाकांनी लख्ख केलेल्या नळ्या

डाग दिसला की काचकाकांचे हात शिवशिवत. बायकोने धुतलेला पेला ते पुन्हा उजेडाकडे धरून पुसत. "पुसा, पुसा, भोक पडेपर्यंत पुसा," ती म्हणे.

संशोधन केंद्रात काच फुंकून भांडी घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सध्या प्रयोगशाळेतल्या बाईंसाठी ते बारीक नळ्या करत. नळीत मिथेन वायू भरला की काका ज्योतीवर तिचे तोंड बंद करत. मग नळ्या जाड भिंतींच्या खोलीत गॅमा किरणांपुढे जात. किरणांनी मिथेनचे रेणू फुटत आणि तुकडे जुळून हायड्रोजन, इथेन असे दुसरे वायू होत. किती वेळात किती मिथेन फुटतो, हे बाईंना पाहायचे होते. म्हणून प्रत्येक नळीचा वेळ वेगळा, आणि एक नळी तुलनेसाठी बाहेरच.

यंदाची ही शेवटची खेप. पुढे किरणांची खोली दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहणार होती.

किरणांनी काचही तपकिरी होते. नळ्या परत आल्या त्या आत चहा उकळल्यासारख्या. बाई बैठकीला गेल्या होत्या. काकांना ते ध्यान बघवेना. काच बेताची तापवली की हा रंग उडतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दोऱ्याने बांधलेल्या, वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या सोडल्या आणि नळ्या भट्टीत सरकवल्या. बाहेर राहिलेली स्वच्छ नळीही त्यांतच घातली. तिला एकटीला कशाला वगळायचे?

बाई आल्या, तेव्हा टेबलावर सगळ्या नळ्या शेंडे खाली करून लाकडी घोडीत लखलखत उभ्या होत्या.

"छान दिसतायत," बाई म्हणाल्या. "यातली कोणती किती वेळ ठेवलेली?"

काकांनी टेबलाकडे पाहिले. चिठ्ठ्या एकीकडे, नळ्या एकीकडे.

"हायड्रोजन मोजू," बाईंबरोबर आलेला सहायक म्हणाला. "जिच्यात जास्त, ती जास्त वेळ ठेवलेली."

"म्हणजे आधी उत्तर बघायचं, मग गणित मांडायचं?" बाई म्हणाल्या. "लोक हसतील आपल्याला."

"माझंच चुकलं, बाई," काका पुटपुटले. "वर्षाची मेहनत पुसून टाकली."

"वायू तरी शाबूत आहे. मिथेन एवढ्या उष्णतेला दाद देत नाही. भट्टीत कशा ठेवल्या होत्या, दाखवा बघू."

काकांनी गार झालेल्या भट्टीच्या दाराला असलेल्या भोकांतून नळ्या पुन्हा आत सरकवल्या. शेंडे बाहेर राहिले.

"शेंडे बाहेर का?"

"तोंड बंद केलेला जोड तडकू नये म्हणून. तेवढा भाग गारच राहतो."

बाईंनी एक नळी ओढून खिडकीशी नेली. शेंड्याला तपकिरी रंग तसाच होता. त्यांनी सगळे शेंडे पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. एक अगदी स्वच्छ, मग मधासारखा, मग चहासारखा, शेवटचा कोऱ्या कॉफीसारखा. जितका वेळ जास्त, तितका रंग गडद; त्या ओळीप्रमाणे काकांनी चिठ्ठ्या पुन्हा बांधल्या. मग वायू मोजले, तर हायड्रोजनही त्याच क्रमाने वाढत गेलेला.

"काका, यापुढे मला मळक्याच नळ्या द्या," बाई हसत म्हणाल्या आणि वायू काढताना मोडलेला सर्वांत काळपट शेंडा त्यांच्या हातावर ठेवला.

तो काकांनी घरी खिडकीत ठेवला.

"अहो, हे काय आणलंत? त्यात किरणं तर नाहीत ना?"

"किरणं येऊन गेली. मागे राहिला तो रंग."

बायकोने त्यांच्या सवयीप्रमाणे फडके पुढे केले.

"राहू दे गं," काका म्हणाले.

ती फडके हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली.