कौशल्याबाईंचं वाजणारं मडगार्ड

कौशल्याबाई आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. गोंडपिपरीच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. सकाळी साडेआठला वळणापलीकडून मडगार्डची खडखड, चेनकव्हरची खरखर आणि हँडलला टांगलेल्या डब्याची टणटण सुरू झाली, की समजायचं, बाई अंगणवाडीला निघाल्या. सात किलोमीटर जंगलातून, एका लहानशा वस्तीवर. माझ्यासारख्या मिस्त्रीच्या दुकानासमोरून अशी सायकल रोज जावी, म्हणजे माझी बेइज्जतीच! कितीदा म्हणालो, "बाई, दहा मिनिटं थांबा, कसून देतो." त्या पेडल मारता मारताच सांगायच्या, "राहू द्या सलीमभाऊ. वाजणारं मानूस आन् वाजणारी सायकल कोनाले दगा देत नाई."

तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे बोलू लागले. चढावर उतरून सायकल ढकलायची पाळी आली. वस्तीवर बस जात नाही. सायकल सुटली तर नोकरी सुटणार, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ती पोरं सुटणार. एका रविवारी बाई दुकानातल्या स्टुलावर येऊन बसल्या. "जावई म्हनते, बॅटरीची नवी सायकल घ्या. तुमी सांगा भाऊ, नवी घेऊ का हिलेच मोटर बसवू?"

मी धंदा बाजूला ठेवून खरं ते सांगितलं. नवीच घ्या. ब्रेक चांगले, गॅरंटी असते, फ्रेम त्या वजनासाठीच बनवलेली. जुनीला मोटर बसवली तर मोटर नवी, हाडं मात्र जुनीच. बाई चंद्रपूरला जाऊन नवी चालवून आल्या आणि मान हलवली. "लई गुपचूप चालते भाऊ. मले नाई जमत. हिलेच बसवा." म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं मी मनात म्हणालो.

मागच्या चाकात मोटर बसवली, कॅरियरखाली बॅटरी, नवे ब्रेक. आणि बाईंचं काम म्हणून, त्यांना न सांगता, मडगार्डपासून चेनकव्हरपर्यंत एकेक नट आवळला, डब्याच्या कडेलाही रबर गुंडाळलं. इतक्या वर्षांची हौस फेडून घेतली म्हणा ना! सायकल अशी चालायला लागली की विचारू नका. बाई बाजाराच्या गोंगाटातून ती घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दारात. चेहरा घामानं भिजलेला, डब्याला मोठा पोचा. मी धावत पाणी आणलं.

"मोहाच्या झाडाखाली अस्वल होतं भाऊ, फुलं खाऊन राह्यलं होतं. पाच हातांवर! मी आली हे त्याले समजलंच नाई. दोन पायांवर उभं झालं. मंग डबा काढला आन् हँडलवर बडव बडव बडवला, तवा गेलं."

माझ्या हौसेपायी बाईंचा जीव गेला असता. आणि बाई चक्क हसत होत्या! "गावाबाहेर निघाल्यावर समजलं मले, खडखड नाई. पन पोरं वाट पाहून राह्यले होते. घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखते. अजी, जंगल का आपल्या बापाचं हाये? दुसऱ्याच्या घरी जाताना आपन कडी वाजवतो का नाई? तुमचं काम एक नंबर हाये भाऊ. आता थोडं बिघडवून द्या."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नट सैल करून सायकल नीट वाजते की नाही ते तपासलं. बाई स्टुलावरून हुकूम सोडत होत्या, "अजून थोडं. हां, आता बोलली!"

पुढे मोटर गुपचूप चालली आणि मडगार्ड बोंबलत राहिलं. बाईंनी नोकरीची सगळी वर्षं पुरी केली. यंदा त्या लेकीकडे वडशाला राहायला गेल्या, सायकल नव्या सेविकेला देऊन. सकाळी खडखड ऐकली की मी अजूनही मान वर करतो. बाई दिसत नाहीत, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा ती नवी पोरगी दुकानासमोर उतरली. "चाचा, हे मडगार्ड लई वाजून राह्यलं. लोकं पाह्यतात, लाज वाटते. कसून द्या ना."

पाना माझ्या हातातच होता. तो मी खाली ठेवला.

"त्याले हात नको लावू, पोरी," मी म्हणालो. "ते कडी हाये. बस इथी, चहा सांगतो."