काचेचं दुसरं टोक

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं म्हणतात. काचताईचं आलंच मुंगीच्या पावलांनी. उजवीकडे, खालच्या बरगडीच्या काठाशी शिरलं आणि तिथेच बिऱ्हाड थाटून बसलं. आधी ती म्हणाली, चहा जास्त होतोय. मग म्हणाली, टेबल उंच आहे. पुढे म्हणण्यासारखं काही उरलं नाही. बरगडीखाली दोन बोटं अडकवून कुणी हिसका द्यावा तशी कळ यायची, पोटातून पाठीपर्यंत जायची आणि घाम फोडून ओसरायची. कधी आठवडाभर पत्ता नाही, तर कधी एकाच सकाळी पुन्हा पुन्हा.

काचताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण रस्त्यावर सगळे तिला तेच म्हणतात. वडिलांचं काचेचं दुकान त्यांच्यामागे थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आणि तिने चालवलं. तिचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर ती “माप चुकलं” एवढंच सांगते. दुकानाच्या वर दादा-वहिनींचं घर आणि त्याला लागून तिची खोली. खाली दुकानात जाड घोंगडी ठोकलेलं कापायचं टेबल. ते तिचं.

मोठी काच कापणं हे बघणाऱ्याला सोपं वाटतं. हिरकणी, म्हणजे टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली कलम, तेलात बुडवायची आणि पलीकडच्या कडेपासून अलीकडच्या कडेपर्यंत एका दमात रेघ ओढायची. मध्ये हात थांबला की रेघ बिघडते आणि काच हवी तिथे न तुटता तिच्या मर्जीने तुटते. पलीकडची कड गाठायची तर पोट टेबलाच्या काठावर दाबून उजवा हात पूर्ण ताणावा लागतो. दुखणं नेमकं तिथे दबा धरून बसलेलं असायचं. काचताई दात आवळून रेघ पुरी करायची आणि मग टेबलाला धरून उभी राहायची.

डॉक्टर झाले. पोटाच्या डॉक्टरने पित्त म्हटलं, दुसऱ्याने गॅस, तिसऱ्याने वय. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घशातून पोटात जाऊन आली, सीटी स्कॅन झालं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट आला की दादा तो उभ्याउभ्याच वाचायचा आणि म्हणायचा, “सुटलो! काही निघालं नाही.”

“तू सुटलास,” ती म्हणायची. “मी अजून आतच आहे.”

वहिनींचं मत वेगळं होतं. “वन्सं, माणसाच्या मनात साठतं ना, ते मग पोटात उतरतं.”

“माझ्या मनात काही साठत नाही, वहिनी. सगळं तोंडावाटे जातं. तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?”

तरी ती मनाच्या डॉक्टरकडेही गेली. जाण्यात कमीपणा आहे असं तिला वाटलं नाही. माणूस भला होता, त्याने पुरतं ऐकून घेतलं. त्याच्या गोळ्यांनी तिला झोप लागू लागली. “फरक आहे,” तिने त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. “आता छान झोपून उठते आणि ताज्या दमाने दुखतं.”

मग तो आरसा आला.

नाचाच्या क्लाससाठी भिंतीएवढा आरसा दुसऱ्या मजल्यावर चढवायचा होता. अशी कामं दादा आणि ती दोघंच करत. काच उभी धरायची, एक हात खालच्या कडेला, एक वर. जिन्यात दादा पुढे, उलटा चढणार, ती मागे. काचवाल्यांत यासाठी एक रीत आहे. काच हातात असताना दोघांपैकी कुणीही ‘ठेव’ म्हणालं की दुसऱ्याने आहे तिथे, त्याच क्षणी काच टेकवायची. का, असं विचारायचं नाही. घाम आला असेल, शिंक येत असेल, चप्पल निसटली असेल; ते मागाहून. आधी ठेवायची. वडिलांनी काच धरायला शिकवण्याआधी हे शिकवलं होतं.

त्या सकाळी आणखी एक नॉर्मल रिपोर्ट आला होता. या वेळी दादा ‘सुटलो’ म्हणाला नाही. म्हणाला, “आता बास झालं हं. हे दुखणं घरी ठेवून येत जा. कामावर नको.”

ती काही बोलली नाही. वहिनींनी त्याच वेळी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कळ आली. शब्द जिभेवर आला होता. पण सकाळचं बोलणं अजून कानात होतं, आणि जिच्या मनात काही साठत नाही ती बाई तो एक शब्द गिळून गेली. दोन पायऱ्या चढली. बोटं सुटली, आरशाचा कोपरा पायरीवर आदळला आणि सगळा जिना चकाकला. दादाच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत टाके पडले.

टाके घालून आल्यावर दादाने निकाल दिला. “तू आता काउंटरवर बस. फोन घे, मापं घे.”

“आणि टेबल?”

“टेबल मी बघेन.”

“एका हाताने?”

“ताई, मी थट्टा करत नाहीये.” तो धाकट्या बहिणीला ताई म्हणाला म्हणजे खरंच घाबरला होता. “त्या दुखण्याला काहीतरी नाव असेल ना? नाव आण. औषध घे, बरी हो आणि ये. बिननावाच्या दुखण्याबरोबर मी काच उचलणार नाही. माझ्या मानेवर आली असती ती.”

यात खोटं काही नव्हतं, म्हणून ती काउंटरवर बसली. दादाने काच उचलायला एक तगडा गडी ठेवला. त्याला सगळे पैलवान म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडलं.

काचताई मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. हाडांच्या विभागातल्या डॉक्टरबाई दमलेल्या होत्या. त्यांनी न बघताच तपासणीच्या टेबलाकडे बोट केलं. “आडव्या व्हा.”

“नाही होणार.”

डॉक्टरबाईंनी आता वर पाहिलं.

“आजवर सगळ्यांनी आडवं करूनच तपासलं,” काचताई म्हणाली. “आडवी झाले की दुखत नाही. मग सगळे म्हणतात, काही नाही. मला वाकून दुखतं, हात ताणून दुखतं. तसं तपासा, नाहीतर मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसते, तिथेही असंच काही नाही निघणार.”

“भांडायलाच आलात?”

“नाही हो. भांडायला घरी माणसं आहेत.”

डॉक्टरबाईंना हसू आलं. “बरं, वाका. कशा वाकता ते दाखवा.”

ती तपासणीच्या टेबलावर कामावर वाकते तशी वाकली. डॉक्टरबाईंनी बरगडीच्या काठाखाली बोटं घातली आणि वर ओढली. आत काहीतरी कट्‌कन सरकलं. काचताईने त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याच “सोडा, सोडा” म्हणाल्या.

“हेच. हेच आहे ते!”

“असेल,” डॉक्टरबाई मनगट चोळत म्हणाल्या. “खालच्या बरगड्यांची टोकं कधी सैल होतात आणि शेजारची नस डिवचतात. फोटोत ते बहुधा दिसत नाही. पण तुमचं सगळं दुखणं त्यातलंच आहे, असं मी ठासून सांगणार नाही. सुई देऊन बघू.”

सुईने काही दिवस बरं वाटलं. मग दुखणं परत आलं, जरा नरम होऊन. डॉक्टरबाई म्हणाल्या, कदाचित पुन्हा देऊ, कदाचित वेगळा उपाय करू. दादाला हवं होतं नाव आणि तिच्या हाती लागला होता कदाचित. तिने घरी काही सांगितलं नाही.

पुढल्या आठवड्यात दुकानाच्या दारातच प्रसंग घडला. कपड्यांच्या शोरूमची दर्शनी काच टेम्पोत चढवायची होती. टाके निघाले होते, तरी दादाचा हात पुरता बसला नव्हता. अर्ध्या फुटपाथवर तो ओरडला, “ठेव!”

“का? काय झालं?” पैलवान म्हणाला आणि आणखी दोन पावलं चालला.

“ठेव रे!”

“इतक्यात थकलात? आलाच की टेम्पो.”

दादाचा हात थरथरू लागला. काच लवली. काउंटरमागून काचताई कधी उठली आणि दादाच्या हाताखाली तिने कधी हात घातला, हे कुणालाच दिसलं नाही. काच टेकली. दादा पांढराफटक पडला होता.

“यांना काय होतंय?” पैलवानाने विचारलं.

“काही नाही,” काचताई म्हणाली. “टाके सुकलेत. डॉक्टरने बघितलंय. रिपोर्ट नॉर्मल आहे.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. वरच्या खिडकीतून वहिनी खाली बघत होत्या, त्या आत सरकल्या.

“बास,” दादा म्हणाला.

“बास कशाला? आत्ताच तर सुरू झालं. दुखलं म्हणून आरसा फुटला नाही, दादा. दुखतंय हे मी बोलले नाही म्हणून फुटला. चूक माझीच, पण ती. तू मात्र दुखण्याला काउंटरवर बसवलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“आणि परत मध्येच आलं तर?”

“तर सांगेन. सारखं सांगेन. दर दहा पावलांवर सांगेन, कंटाळा येईपर्यंत. आणि टेबलाशी फळी टाकून उभी राहणार आहे, उंची मिळेल, वाकावं लागणार नाही तितकं. फळी कापूनच ठेवलीये.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर म्हणाला असतास, आधी नाव आण.”

पैलवान दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तो वाईट गडी नव्हता. त्याला नव्याने शिकवायचं ठरलं. पण शोरूमची काच त्याने उचलली नाही. काचताईने हातमोजे चढवले आणि मागची कड धरली. टेम्पोपर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेत तिने दोनदा थांबवलं. दुसऱ्यांदा गरज होतीच असं नाही. दादा दोन्ही वेळा निमूट थांबला. टेम्पोवाला वैतागून म्हणाला, “बाई, तब्येत बरी नाही तर घरी बसावं माणसाने.”

“आणि काच तुम्ही नेणार? बाजूला व्हा, पाय कापेल.”

शोरूममध्ये काच बसवून झाल्यावर दोघं भावंडं पायरीवर बसली. काचताईने बरगडीखाली तळवा दाबून धरला होता.

“खूप आहे?” दादाने विचारलं. आजवर हा प्रश्न त्याने तिला केला नव्हता.

“आहे.”

“शेवटी डॉक्टर काय म्हणाले?”

“कदाचित.”

“कदाचित काय?”

“कदाचित एवढंच,” ती उठत म्हणाली. “उद्या बँकेच्या दाराची काच आहे, याहून जड. वेळेवर ये, आणि जेवून ये. आज तूच आधी डगमगलास.”