टिल्लूचा आवाज

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पात पातेली, बाकडी, सेफ्टी बूट अशा सगळ्या मुक्या वस्तूंना वाचा फुटली होती आणि त्याला जबाबदार होता जगातला एकच माणूस, माझ्या खोलीतले चाचा. दापोलीकडचे. हुद्द्याने स्टोअरकीपर, पण जातिवंत शब्दभ्रमकार. तरुणपणी ते गावोगाव तंबू ठोकणाऱ्या करमणुकीच्या कंपनीत होते. जादू आणि कसरतींच्या मधल्या वेळात टिल्लू नावाचा लाकडी बाहुला मांडीवर घ्यायचे आणि स्वतःचे ओठ न हलवता त्याला बोलतं करायचे. पुढे लोक घरोघरी टीव्हीपुढे बसले, तंबू मोडले आणि चाचा पोटासाठी सौदीला आले. टिल्लू घरी चाचीकडे राहिला. आवाज तेवढा बरोबर आला.

त्या आवाजाने आम्हाला पुरतं हैराण केलं. मेसमध्ये झाकण उघडताच बिर्याणी ओरडायची, "अरे, नमक भूल गया!" केरळी आचारी रोज दचकायचा आणि रोज चाखून बघायचा. एकदा कंपनीच्या बसची डिकी "खोलो भाई, यल्ला!" म्हणून किंचाळली, तर ड्रायव्हरने भर रस्त्यात बस थांबवून ती उघडून पाहिली. इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कामाला सरकारी कचेरीत गेलो की मात्र चाचा चिडीचूप. म्हणायचे, "हितं एकच तोंड आणलंय, तेपण बंद." मलाही ही विद्या शिकवायचा त्यांनी चंग बांधला होता. मी प्रयत्न केला की ते स्वतःच्या ओठांवर दोनदा बोट आपटायचे. म्हणजे ओठ हलले, नापास. मी कायम नापास.

जुम्म्याची नमाज झाली की घरी फोन. चाचा स्वतः बोलायचे दोनच वाक्यं, "बरा हाय. पाऊस पडला काय?" मग टिल्लू म्हणून कामाचा जुना हातमोजा हातावर चढवायचे आणि पुढचं सगळं टिल्लू बोलायचा. "ऐक गे, ह्याला तुझी आठवण येते, पण सांगायला लाजतो." पूर्वी कॅसेटी भरून पाठवायचे, त्यांतही हेच. स्वतःच्या तोंडाने या माणसाने बायकोला गोड शब्द म्हणून कधी म्हटला नाही.

मग त्यांचा घसा बसला, तो बसलाच. दम्मामच्या हॉस्पिटलातल्या सोलापूरकडच्या डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. चाचा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझा गेला तर गेला. पण टिल्लूचा?" त्या आवाजावर मी किती वेळा वैतागलो होतो. बाहेर जाऊन रडलो.

ऑपरेशननंतर तीन जुम्मे त्यांनी फोन घेतला नाही. कागदावर लिहून दिलं, 'तिला सांगू नको.' चौथ्या जुम्म्याला मला राहवलं नाही. चाचीला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "भाऊ, व्हिडिओ लाव. मोबाईल त्यांच्यासमोर धर."

स्क्रीनवर चाची होती. मांडीवर रंग उडालेला टिल्लू. आणि तोच आवाज आला, जरा जाडसर, पण तोच. "ऐक रे चाचा, हिला तुझी आठवण येते, पण सांगायला लाजते. आता घरी ये."

चाचीचे ओठ चांगले पान चघळल्यासारखे हलत होते. चाचांनी सवयीने ओठांवर बोट आपटलं. एकदाच. दुसऱ्यांदा बोट तिथेच राहिलं आणि डोळे वाहू लागले.

गेल्या महिन्यात चाचा नोकरी सोडून कायमचे घरी गेले. हातमोजा खोलीतल्या खिळ्याला तसाच आहे. मेसमध्ये आचारी झाकण उघडताना अजून क्षणभर थांबतो. मग तो मुकाट्याने मीठ चाखून बघतो.