घनपाठी गुरुजींची बँक

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्याकडे फी कमी जमते आणि किस्से जास्त. माझा क्लास काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, आणि वीज कृपा करील तेवढा वेळ शिकवणं. "एक साधी बँक बनवा" हा प्रोजेक्ट करून किती पोरं गेली, देव जाणे. खातं उघडा, पैसे भरा, पैसे काढा. बहुतेकांची नावंही आठवत नाहीत. पण मित्र जमले की गाडी शेवटी गुरुजींवर येतेच!

गुरुजी म्हणजे गजाननभटजी, आमच्याच गल्लीतले घनपाठी. मंत्राचे शब्द सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे असे गुंफून म्हणायचे, तेही पोथी न उघडता. वय चौपन्न. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. आवाज नाही म्हणजे यजमान नाही, आणि यजमान नाही म्हणजे चूल नाही. एका धर्मशाळेत ऑफिसचं काम मिळत होतं. अट एकच, दसऱ्याच्या आत कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट आणा. धर्मशाळेला प्रोग्रामिंगशी काय घेणं? पण कोर्स पुरा म्हणजे पुरा!

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "या, गुरुजी." ते म्हणाले, "नमस्कार, सर." दोघंही उभेच. आधी कोणी बसायचं यातच दहा मिनिटं गेली!

*

पुस्तकातला बँकेचा प्रोग्राम मी त्यांना वाचून यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी गुरुजी पुस्तक न आणताच आले आणि एका बोटाने टाईप करत सुटले. चार पानं, कंस आणि स्वल्पविरामांसकट! मी बघतच राहिलो.

प्रोग्राम चालवला. हजार रुपये भरले, दोनशे काढले. शिल्लक आली बाराशे!

पुस्तकात वजाच्या जागी अधिक छापलं होतं.

"गुरुजी, काढल्यावर पैसे वाढतील कसे?"

"मलाही जरा चमत्कारिकच वाटलं," ते कुजबुजले. "पण छापलेलं अक्षर बदलायचा आपल्याला काय अधिकार? म्हटलं, दानानं वाढत असेल!"

"हे वेद नाहीत, गुरुजी. इथे चूक दिसली की दुरुस्त करायची."

त्यांनी मान डोलावली, पण चेहरा असा केला की जणू मी त्यांना एकादशीला कांदा खायला सांगत होतो.

*

प्रोग्रामिंगमधले क्लास आणि ऑब्जेक्ट समजावताना माझा दरवर्षी घाम निघतो. क्लास म्हणजे नुसता आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून उघडलेलं एकेकाचं खरं खातं. बँकेचा कोरा फॉर्म फिरवून झाला, तरी पोरं ढिम्म! बॅचमधली सगळ्यात तिखट पल्लवी. घर मराठी, जीभ निम्मी हिंदी. ती म्हणाली, "सर, सगळं ऊपर से गेलं!"

गुरुजी उठले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, "अमुक गोत्र, अमुक नाव."

"पोथीत संकल्पाला एवढंच असतं," ते हळू आवाजात म्हणाले. पोरं पुढे सरकून ऐकायला लागली. "यजमान पाटावर बसला की अमुकच्या जागी त्याचं नाव. पोथी एक, यजमान हजार. आणि एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यात जात नाही."

"बस, एवढंच होतं?" पल्लवी ओरडली.

इतकी वर्षं मी तो फॉर्म फिरवत होतो. त्याच संध्याकाळी फाडून टाकला!

*

एकदा पल्लवीने गुरुजींच्या खात्यात परस्पर एक लाख टाकायचा घाट घातला. पैसे भरायची रीत सोडून थेट शिल्लकच बदलायची! मशीन ऐकेना. शिल्लक प्रायव्हेट ठेवलेली, म्हणजे बाहेरून थेट हात लावायला बंदी.

"सर, ये तो छूने ही नहीं दे रहा!"

गुरुजी खुलले. "सोवळ्यात आहे ती! शिवायचं नाही. बाहेर उभं राहून मागायचं, आतला वाढतो."

तेव्हापासून कुठलीही एरर आली की पल्लवीची हाक ठरलेली, "गुरुजी, परत शिवलं!"

*

हा हसण्याचा किस्सा नाही. एका सकाळी पल्लवीने गुरुजींना अमृतराव घाटावर पाहिलं. त्यांचे जुने यजमान दुसऱ्या भटजींपुढे बसले होते. गुरुजी चार पायऱ्या वर, एकटे. ओठ हलत होते. खाली एक शब्द चुकला तसा यांचा हात वर गेला, आणि तसाच खाली आला.

"ते बोलूच नाही शकले, सर," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पल्लवी जागा बदलून गुरुजींच्या शेजारी बसायला लागली.

*

आणि आता परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे, हातात तेच पुस्तक. "जोर से बोलिए!" त्यांनी पहिल्याच प्रश्नाला गुरुजींना दटावलं.

पल्लवी उठली. "सर, इनकी आवाज मैं हूँ."

परीक्षकांनी कसंबसं चालवून घेतलं. गुरुजींचा प्रोग्राम निम्मा टाईप झाला आणि वीज गेली. सगळं पुसलं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "अब छह महीने बाद आइए."

दसरा तीन आठवड्यांवर होता.

गुरुजींनी डोळे मिटले आणि ते कुजबुजायला लागले. पल्लवी कान देऊन एकेक ओळ मोठ्यानं म्हणू लागली. गुरुजींचा उजवा हात मंत्राच्या स्वरांसारखा वर-खाली होत होता. परीक्षकांनी पुस्तक उघडलं, त्यांचं बोट ओळीवरून सरकू लागलं. पहिलं पान. दुसरं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही! माझ्या अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात आठवलं, पैसे काढायची ती ओळ जवळ येतेय.

"रुकिए!" परीक्षकांचं बोट थांबलं. "आपने माइनस बोला. किताब में प्लस है."

गुरुजींनी डोळे उघडले आणि ते पल्लवीच्या कानाशी काहीतरी बोलले.

"गुरुजी कह रहे हैं, किताब में गलत छपा है."

परीक्षकांनी समासात हजार लिहिले, दोनशे लिहिले. मग पेनानं पुस्तकातला अधिक खोडून वजा केला आणि खुणेनं सांगितलं, पुढे म्हणा.

प्रोग्राम संपला. त्यांनी गुणपत्रिकेवर आकडा लिहिला. मी समोरून उलटा वाचला, पैकीच्या पैकी!

"और कुछ कहना है?" त्यांनी विचारलं.

गुरुजी कुजबुजले. पल्लवीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, गुरुजी पूछ रहे हैं, अब यही आखिर से शुरू तक सुना दें?"