पट्टीबाई आणि लेख क्रमांक सहाशे चौदा

विद्यापीठाच्या साहित्य विभागातून एक त्रैमासिक निघत असे आणि त्याच्या कचेरीत एक बाई सव्वीस वर्षे नावे झाकण्याचे काम करीत. पगारपत्रकावर त्यांचे पद 'कार्यालयीन सहायक' असे होते. विभागात मात्र त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि बाईंना त्याचे काही वाटत नसे. कचेरी म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिच्यात दोन टेबले, एक लोखंडी कपाट, एक झेरॉक्सचे यंत्र आणि कधीच पूर्ण न उघडणारी एक खिडकी.

कामाची रीत अशी होती. लेख आला की तो नोंदवहीत चढे आणि त्याला क्रमांक मिळे. मग तो दोन परीक्षकांकडे जाई. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये आणि परीक्षक कोण हे लेखकाला. म्हणजे मग ओळखदेख, हेवादावा, गुरू-शिष्य ही सगळी भानगड मिटली, असा विद्वानांचा समज. बाई काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या कापून ठेवीत. जिथे जिथे नाव असेल तिथे पट्टी चिकटवून मग त्या पानाची झेरॉक्स काढीत. नुसती पट्टी लावून पान पाठवणे त्यांनी पहिल्याच वर्षी बंद केले होते. पान उजेडाला धरून वाचणारे परीक्षक त्यांनी पाहिले होते, आणि त्यातले एक तर नीतिशास्त्रावर व्याख्याने देत.

शिवाय नाव काही एकट्या पहिल्या पानावर नसते. कोणी तळटीपेत 'मी माझ्या ग्रंथात हे सिद्ध केलेच आहे' असे लिहून ग्रंथाचे नाव देई. कोणी शेवटी बायकोचे, सासऱ्याचे आणि टंकलेखकाचे आभार मानी. विद्वान माणसाला बाकी काहीही जमेल, पण स्वतःचे नाव लपवणे जमत नाही, असे बाईंचे पक्के मत होते. त्या प्रत्येक लेख दोनदा वाचीत. एकदा नावांसाठी, आणि दुसऱ्यांदा नाव नसूनही ज्यावरून माणूस ओळखू येईल अशा मजकुरासाठी. त्या मजकुरावरही पट्टी पडे. त्या पहिल्या वर्षानंतर एकाही परीक्षकाला लेखकाचा पत्ता लागला नाही. ही गोष्ट त्या स्वतःहून सांगत नसत, पण कोणी काढली तर थांबवीतही नसत.

बाईंचे यजमान दुसऱ्या एका महाविद्यालयात साहित्याचेच प्राध्यापक होते आणि त्रैमासिकाचे परीक्षकही होते. कोणता लेख कोणाकडे जायचा हे संपादक ठरवीत, त्यात बाईंचा हात नसे. वर्षातून दोन-तीन लेख त्यांच्या घरचा पत्ता लिहिलेल्या पाकिटात जात, आणि ते पाकीट बाई समोरच्या पोस्टात नेऊन टाकीत.

"अहो बाई, पिशवीत टाकून घरी न्या की," जुने संपादक एकदा म्हणाले.

"पिशवीतून गेलं की ते घरचं होतं, सर," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी टपालवाला ते पाकीट घरी आणून देई. बाई ते नवऱ्याच्या टेबलावर ठेवीत, जणू जन्मात पाहिलेले नाही. प्राध्यापक त्यावरून बायकोची भरपूर थट्टा करीत, पण पाकिटात कोण आहे हे त्यांनी कधी विचारले नाही, कारण उत्तर मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. संसारात दोघांचे चांगले जमले होते, त्याला हेही एक कारण असावे.

अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारच्या टपालात बाईंच्या लेकीचा लेख आला. लेक तेव्हा सव्वीस वर्षांची, दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात पीएच.डी. करीत होती. घरी काही न सांगता तिने तो पाठवला होता. आईची कचेरी म्हणून नव्हे, तर तिच्या विषयातले तेवढे एकच बरे नियतकालिक होते म्हणून. विषय मोठा गमतीचा होता. कादंबऱ्यांत पाहुणा येतो तेव्हा दार कोण उघडतं? तिने चाळीस कादंबऱ्यांतली दारे मोजली होती. बायकोने उघडलेली किती, नोकराने किती, घरच्या कर्त्या पुरुषाने किती.

बाईंनी लेखाला सहाशे चौदा क्रमांक दिला. लेक म्हणून सवलत नको, एवढेच त्यांच्या मनात होते. उलट या लेखात एखादी खूण राहून गेली तर जग म्हणेल की आईने मुद्दाम ठेवली. म्हणून नेहमी दोनदा वाचीत तो त्यांनी चारदा वाचला आणि डोळ्यांत तेल घालून पट्ट्या लावल्या. मग दोन प्रती संपादकांच्या टेबलावर ठेवल्या. दुपारी त्यांच्यावर परीक्षकांची नावे पडली होती, आणि त्यातले एक नाव त्यांच्या नवऱ्याचे होते.

बाईंनी काय करायला हवे होते? 'सर, हा लेख माझ्या मुलीचा आहे, तिच्या वडिलांकडे नको,' एवढे एक वाक्य पुरले असते. पण ते वाक्य म्हणजे संपादकांना नाव सांगणे, आणि निवड होईपर्यंत संपादकांनीही नाव पाहायचे नाही असा नियम होता. तो नियम बाईंच्याच आग्रहाने झालेला. त्या अर्धा तास पाकीट हातात घेऊन बसल्या आणि मग पोस्टात गेल्या. इतका आडमुठेपणा एखाद्या न्यायाधीशालाही परवडला नसता.

दोन परीक्षकांपैकी एकाने लेख छापावा म्हटले. प्राध्यापकांनी दीड पान लिहिले आणि शेवटी म्हटले, 'लेखकाने दारे मोजली आहेत, घर पाहिलेले नाही. मोजणीची एवढी हौस असल्यास त्याने साहित्याखेरीज दुसरा एखादा व्यवसाय निवडावा.' प्राध्यापक ज्येष्ठ, म्हणून संपादकांनी त्यांचे ऐकले. नकाराचे पत्र बाईंनीच टाइप केले, सोबत नाव काढलेले दोन्ही अभिप्राय जोडले आणि लेकीच्या पत्त्यावर पाठवून दिले.

आठवड्याने लेकीचा फोन आला.

"आई, दुसरे परीक्षक कोण होते?"

"ते सांगता येत नाही गं."

"बरं," लेक म्हणाली, आणि तिने पुन्हा कधी विचारले नाही.

वर्ष संपायच्या आत तिने पीएच.डी. सोडली. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेली बारीक अक्षरांची पत्रके असतात ना, त्यांची भाषांतरे करणाऱ्या कंपनीत ती लागली. ती घरी येई, राही, वडिलांशी नीट बोले. म्हणजे गोळ्या घेतल्या का, प्रवास कसा झाला, उकाडा फार आहे, इतपत. पूर्वी बापलेक जेवणावरून उठत नसत, वाद संपेपर्यंत हात कोरडे होत. आता ताट उचलून ती लगेच आत जाई. बाईंनी मनाशी ताडले, की हिला अभ्यास सोडल्याची लाज वाटते. नवऱ्याला त्यांनी काही सांगितले नाही, लेकीलाही नाही. एकीकडे परीक्षक होता, दुसरीकडे लेखक, आणि दोघांच्या मधली पट्टी त्या स्वतः होत्या. सहा वर्षांनी प्राध्यापक हृदयविकाराने गेले. पुढे तीन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या.

त्यानंतर दोन वर्षे गेली आणि नव्या संपादकांचा फोन आला. हे चाळिशीतले उत्साही गृहस्थ होते. त्रैमासिक आता ओपन अॅक्सेस झाले होते. म्हणजे वर्गणी नाही, कुलूप नाही, ज्याला हवा त्याने घरबसल्या अंक वाचावा. जुने अंकही त्यांनी स्कॅन करून सगळ्यांना खुले केले होते. त्याच्याही पुढे जाऊन त्यांनी ठरवले होते, की जुन्या लेखकांना मागितल्यास आपली पूर्ण फाइल मिळावी, परीक्षकाची संमती असल्यास त्याच्या नावासकट. परीक्षक हयात नसल्यास घरच्यांची संमती.

"पण बाई, क्रमांक आणि नावं यांची जोडी फक्त तुमच्या नोंदवहीत आहे, आणि तुमच्या खुणा आम्हाला लागत नाहीत. दोन दिवस याल का?"

बाई गेल्या. जिन्याखालची खोली रंगवली होती, आणि खिडकी कोणीतरी अखेर दुरुस्त केली होती. संपादकांनी त्यांच्यापुढे अर्जांची यादी ठेवली. फाइल मागणारे सतरा लेखक होते. नवव्या ओळीवर सहाशे चौदा होता. बाईंच्या लेकीने अर्ज केला होता.

तो दिवस बाईंनी कसाबसा काढला. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. ज्या अभिप्रायाने आपण अभ्यास सोडला तो बापाने लिहिला, हे लेकीला आता कळणार, आणि गेलेल्या माणसाशी तर भांडताही येत नाही. बापाची आठवण तरी तिच्याजवळ धड राहावी, असे त्यांना फार वाटत होते. आणि ते राखणे त्यांच्या हातचा मळ होता. 'ही खूण मलाही लागत नाही' म्हटले असते, किंवा पत्नी म्हणून संमती नाकारली असती, तर कोणी जाब विचारला नसता.

"एखाद्या परीक्षकाचं नाव झाकूनच ठेवलं तर?" त्यांनी संध्याकाळी निघताना विचारले.

"ठेवता येतं की," संपादक म्हणाले. "पण नियम आता उलटा झालाय, बाई. पूर्वी उघडायला कारण लागायचं, आता झाकायला लागतं. या रकान्यात कारण लिहा, म्हणजे झालं."

बाईंनी रात्रभर विचार केला, तरी रकान्यात लिहिण्याजोगे कारण त्यांना सापडले नाही. नियम त्यांनी केलेला नव्हता, पण नियम होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतीवर सही केली आणि एवढेच मागितले, की सहाशे चौदाची फाइल टपालाने जाऊ नये. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कचेरीची फाइल पिशवीत घातली आणि रविवारी दुपारी लेकीच्या घरी गेल्या.

लेकीने चहा केला. बाईंनी फाइल टेबलावर ठेवली, तिच्यावर हात ठेवला आणि चहा निवेपर्यंत तसाच राहू दिला.

"उघडायच्या आधी एक सांगते. तुझे दुसरे परीक्षक बाबा होते."

"मला माहीत आहे," लेक म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? शाळेतल्या माझ्या प्रत्येक निबंधाखाली बाबांनी लिहिलंय. त्यांचं वाक्य मला कळणार नाही? पहिल्या परिच्छेदातच ओळखलं मी."

बाईंच्या अंगातून एकदम हवा गेल्यासारखे झाले. अकरा वर्षे जे जपले ते पहिल्याच आठवड्यात फुटलेले होते, आणि आकाश काही कोसळले नव्हते. त्यांना हसूही आले.

"म्हणजे लेख नाकारला म्हणून तू त्यांच्यावर..."

"नाकारला म्हणून नाही गं. लेख कच्चाच होता, मला आता दिसतं. पण त्यांनी मनात धरून नाकारला. मी त्यांच्याविषयी लिहिलं, ते त्यांना झोंबलं. समोर बसवून चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. पण निनावी राहून, दुसरा धंदा बघ म्हणून सांगायचं? स्वतःच्या मुलीला?"

"त्यांच्याविषयी कुठे लिहिलं होतंस? मला आता आठवत नाही."

"चौदाव्या पानावर. तूच वाचला असशील की."

लेकीने फाइल पुढे ओढली. आत लेखाच्या दोन प्रती होत्या, एक तिने पाठवलेली आणि एक परीक्षकांकडे गेलेली. तिने पहिलीतले चौदावे पान काढून वाचून दाखवले. 'हे केवळ कादंबऱ्यांत घडते असे नाही. आमच्या घरी बेल वाजली की साहित्याचे एक प्राध्यापक पुस्तकातून मान वर न करता "बघ गं कोण आहे" असे म्हणतात, आणि ओल्या हातांनी दार उघडायला जाते ती माझी आई.'

मग तिने सहज दुसरी प्रत उघडली. चौदाव्या पानावर अडीच ओळींची काळी पट्टी होती.

"हे काय आहे?"

"ओळख पटेल असा मजकूर," बाई म्हणाल्या. "तो झाकावाच लागतो."

"तू झाकलास?"

"हो."

लेकीने पान जवळ ओढले. तिने पट्टीवरून बोट फिरवले. झेरॉक्सच ती, हाताला काही लागले नाही.

"म्हणजे हे त्यांनी वाचलंच नाही."

"नाही."

"लेख माझा होता हेसुद्धा..."

"नाही. त्यांना कधीच कळलं नाही. मी कळू दिलं नाही."

लेकीने पान खाली ठेवले. तिचा आवाज चढला नाही. औषधाचा डोस विचारावा तसे तिने विचारले,

"मी त्यांच्याशी मनापासून बोलत नव्हते, सहा वर्षं. त्याबद्दल त्यांनी तुला कधी विचारलं?"

सांगता येत नाही, हे बाईंच्या जिभेवर सवयीने आले होते.

"विचारलं," त्या म्हणाल्या. "दर वेळी तू गेलीस की विचारायचे. पोरीचं माझ्याशी काय बिनसलंय, मीच एकदा सरळ विचारू का तिला, म्हणायचे."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्ही विषय काढू नका. आपोआप निवळेल."